व्हॅनवरचं नाव

"तुमच्या लिपीत लिहून दे," व्हर्नन म्हणाला. त्याने कोरा कागद आणि जाडा मार्कर मोरेश्वरपुढे ठेवला. "दोन वाजता पेंटर येतोय. नव्या व्हॅनवर मोठ्या अक्षरांत टाकायचंय. कल्लू प्लंबिंग. डब्लिनमधली माझी निम्मी गिऱ्हाइकं तुमची मराठी माणसंच. बघून खूश होतील."

मार्करचं टोपण काढलं, पण मोरेश्वरचा हात काही पुढे सरकेना.

व्हर्नन गेदर्स साठीचा. काळा. इराकच्या लढाईत दोनदा जाऊन आलेला. फौजेत तो छावण्यांना पाण्याच्या लाइनी टाकायचा. परत आल्यावर तेच काम इथे, ओहायोतल्या डब्लिन गावाच्या बेसमेंटांमध्ये करू लागला. उजव्या गुडघ्यात अजून लोखंडाचे बारीक तुकडे आहेत, म्हणून जिना आडवा होऊन उतरतो. आताही खालचा पंप बदलून, हात धुऊन वर आला होता. पायांत मोजे. या घरात बूट चालत नाहीत, हे त्याला एकदाच सांगावं लागलं होतं.

आणि कल्लू? ते आपल्या लोकांचं कर्तृत्व. ब्लॅक म्हटलं तर त्यांना कळतं, म्हणून कल्लू म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, वर गोड हसायचं. म्हणणारी माणसं अडाणी नाहीत. शिकलेली, घसघशीत पगाराची, सणासुदीला समतेवर भाषणं ऐकणारी.

दोन वर्षांपूर्वी या घरातला वॉटर हीटर फुटला होता. तेव्हा व्हर्ननच्या शेजारी उभा राहूनच मोरेश्वर बायकोला फोनवर म्हणाला होता, "कल्लू आलाय. तुझी पर्स बाहेर नाही ना राहिली?"

व्हर्ननने पाना खाली ठेवला. "कल्लू म्हणजे काय रे? तुझे शेजारीपण मला हेच म्हणतात."

"उस्ताद," मोरेश्वरच्या तोंडून निघून गेलं. "ज्याच्या हातात कला आहे, असा माणूस."

झालं. त्या दिवसापासून व्हर्नन फोन उचलला की म्हणे, "कल्लू बोलतोय." अख्खी मराठी मंडळी पोट धरधरून हसली. पॉटलकच्या जेवणात हाच किस्सा, सहलीला हाच किस्सा. मोरेश्वरही हसला. इतरांपेक्षा जरा कमी हसला, आणि तेवढ्यावर स्वतःला बरा माणूस समजत राहिला.

त्याला ऑफिसात सगळे 'मो' म्हणतात. सबंध ओहायोत एकटा व्हर्नन 'मोरेश्वर' म्हणतो. त्यातला 'श्व' जमेपर्यंत त्याने पहिल्याच दिवशी तीनदा म्हणून घेतला होता.

आता सांगून टाकावं. चार शब्दांचं काम. पण बाजूला डायनिंग टेबलवर अकरा वर्षांची अनया रविवारच्या मराठी शाळेचा होमवर्क करत बसली होती. लेकीच्या देखत बापाने सांगायचं तरी कसं, की आम्ही या माणसाला काय म्हणतो आणि वर मी त्याला काय थाप मारली?

किचनमधून त्याची बायको हिमानी मराठीत म्हणाली, "अरे, एवढा काय विचार करतोस यार? दुसरं काहीतरी लिही ना. उस्तादच लिही. त्याला कुठे वाचता येतंय?"

मोरेश्वरच्या जिवात जीव आला. खरंच की. लिहायचं उस्ताद, वाचणारे वाचतील उस्ताद, पेंटर रंगवून टाकेल, आणि विषय कायमचा मिटेल. थापही खरी होईल. त्याने झोकात लिहिलं, 'उस्ताद प्लंबिंग'. वरची रेघही सरळ आली. अनयाने मान उंचावून कागद वाचला. मग तिने मान खाली घातली आणि वही मिटली.

व्हर्ननने चष्मा लावला. कागद लांब धरून पाहिला. मग शर्टाच्या खिशातून घडी पडून पडून मऊ झालेली एक चिठ्ठी काढली आणि कागदाशेजारी ठेवली.

"ही दोन सारखी नाहीत, मोरेश्वर."

चिठ्ठीवर पेन्सिलीने एकच शब्द होता. कल्लू. गोल, लहान मुलाचं अक्षर. किचनमधला नळ बंद झाला.

"म्हणजे... स्पेलिंग दोन प्रकारे..." मोरेश्वर म्हणाला, आणि पुढे त्यालाच आपला आवाज सोसेना.

"राहू दे," व्हर्नन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "इराकमध्ये एका गल्लीतली माणसं मला एका शब्दाने हाक मारायची. मी दुभाष्याला अर्थ विचारला. म्हणाला, सिंह. अकरा महिने मी त्या हाकेला हात हलवून ओ दिली. निघायच्या दिवशी कळलं, त्याचा अर्थ गुलाम. तेव्हापासून मी कुठलाही शब्द दोघांना विचारतो. इथे पहिला तू होतास."

मोरेश्वरने ते पेन्सिलीचं अक्षर पुन्हा पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं. अनया मिटलेल्या वहीवर दोन्ही हात ठेवून बसली होती.

"फोनवर मी ते नाव का घेत होतो, वाटलं तुला?" व्हर्ननने चिठ्ठीची घडी घातली. "तिने मला लिहून दिलं, अर्थही सांगितला. नऊ वर्षांची होती. म्हणाली, बाबाला सांगू नका हं, त्याला लाज वाटेल. दोन वर्षं मी त्या लाजेचीच वाट बघतोय."