डावा गाल

गोरक्षनाथनं पिशवीतून कोयता काढला तेव्हा साडीच्या दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. दुपारचे साडेबारा वाजले होते. "मने," एवढंच म्हणून तो चपलांसकट गादीवर चढला.

पहिला घाव मनकर्णाच्या हातातल्या साडीच्या घडीवर बसला, दुसरा तिच्या खांद्यात उतरला. दुकानातले जालिंदरभाऊ मापाची लोखंडी पट्टी घेऊन मध्ये पडले. त्यांची दोन बोटं गेली. कोयता तिसऱ्यांदा वर गेला, तेव्हा मनकर्णानं कापड कापायची कात्री त्याच्या बरगडीखाली मुठीपर्यंत खुपसली. उपसली आणि पुन्हा खुपसली. पांढऱ्या गादीवर तो बसल्यासारखा पडला.

पोलिसांना साक्षीदार शोधावे लागले नाहीत. नवऱ्यानं कोयता आणला, बायकोनं जीव वाचवला, सगळ्यांनी तेच सांगितलं. तीन वर्षांपूर्वी कोल्हारला त्यानं तिच्यावर रॉकेल ओतलं होतं, तेव्हा साक्षीला कुणी नव्हतं. मांडीवरची तान्ही पोर गेली, ही डाव्या गालावर डाग घेऊन जगली. स्टोव्ह भडकला, असं त्यानं सांगितलं होतं. मग ती नगरला येऊन या दुकानात लागली. पदर कायम गालावर असायचा.

तीन वर्षं त्याला तिचा माग लागला नव्हता. तो लागला दुकानातल्याच अश्विनीमुळे, असं सगळे म्हणत होते.

दिवाळीच्या आधी अश्विनीनं हौसेनं लग्नाचं शूटिंग करणाऱ्या नोहाला दुकानात बोलावलं होतं. शेठ जेवायला गेले होते. पोरींनी कॅमेऱ्यापुढे भारी साड्या नेसून दाखवल्या, शेठच्या चालीची नक्कल केली, नाचल्या. नोहानं ते दुकानाच्या नावासकट शहराच्या केबलवर सिनेमाच्या मध्ये लावलं. मनकर्णा नको नको म्हणत शेवटी उभी राहिली. नाचताना तिचा पदर एकदाच सुटला. नंतर तिनं नोहाला हळूच विचारलं होतं, "दादा, हे कोल्हारला दिसंल का?" तिथली केबल वेगळी, असं तो म्हणाला. ती आत गेली.

आणि महिन्याभरात तीच फिल्म कोल्हारला लागली. कॅसेट होती अश्विनीच्या काउंटरच्या खणात. ती कधी नाहीशी झाली, हे तिला सांगता येईना. शेठनं तिला कामावरून काढलं. जालिंदरभाऊंच्या बायकोनं भर बाजारात तिच्या मुस्काडात दिली. "तुझ्या नाचापायी माझ्या मानसाची बोटं गेली," ती म्हणाली. अश्विनीनं गाल चोळला नाही.

दवाखान्यात ती मनकर्णाच्या उशाशी बसून रडली.

"रडू नको बाई. तुझा काय बी दोष न्हाई," मनकर्णा म्हणाली. मग डब्यातल्या आमटीत बोट बुडवून चाखलं. "जरा मीठ आन."

अश्विनी बघत राहिली. मोहटादेवीला नवस बोलून तीन वर्षं मनकर्णा अळणी जेवत होती. त्याची नजर आपल्यावर पडू नये म्हणून, असंच सगळ्या धरून चालल्या होत्या. आता तो मेला, नवस फिटला. मीठ टाकलेली आमटी तिनं शेवटपर्यंत ओरपली.

अश्विनीला मात्र झोप लागेना. नोकरी गेली ती गेली. पण आपल्याच हौसेनं तो कोयता आणला का, हे तिला कळायला हवं होतं. नोहाला घेऊन ती एसटीनं कोल्हारला गेली. केबलवाला घरी नव्हता. सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली त्याची बायको होती. कॅसेट कुणी दिली, असं विचारल्यावर तिनं चहाचं आधण उतरवलं.

"एक बाई आलती सोमवारी. त्वांडावर पदर गच्च. चार दिस रोज लावा म्हनली."

सोमवारी दुकान बंद असायचं.

"काही बोलली का?"

"हितंच बसून सगळी बघितली. नाचताना एकीचा पदर सुटतो ना, तितं थांबवाया लावली. मंग सवताचा पदर बाजूला केला आन् मला इचारलं, 'ह्यो डाग नीट दिसतुया न्हवं?'"