दात होता

बाईंनी बाही वर सारली. दंडावर एकाच रुंद दाताचा ताजा व्रण होता, मधोमध बारीक खाच असलेला. दातांच्या डॉक्टरांनी तो पाहताक्षणी ओळखला. दोन दात एकमेकांत असे जुळलेले त्यांनी जन्मात एकाच तोंडात पाहिले होते, या बाईंच्या नवऱ्याच्या. तो जुळा दात काढल्यावर नवऱ्याने मागितला, तेव्हा ‘फेकून दिला’ अशी थाप मारून त्यांनी तो कपाटातल्या बाटलीत जपून ठेवला होता.

"पण त्यांना जाऊन दोन महिने झाले ना?"

"झाले की. माझ्यावर दात होताच त्यांचा."

डॉक्टरांनी कसनुसं हसत कपाट उघडलं. बाटलीचं झाकण घट्ट होतं. आत काहीच नव्हतं.

बाईंनी बाही खाली ओढली.

"माझ्यावर तसा थोडासाच होता, डॉक्टर. खरा दात तुमच्यावर होता."