घरचा पाय

"दोन्ही पाय शेजारी मांड. आधी डोळ्यांनी बघ, मग हाताच्या पाठीने बघ, आणि मगच तेलाचं झाकण उघड. एक पाय जाड नाहीतर गरम लागला, की हात मागे घे आणि गिऱ्हाइकाला सरळ डॉक्टरकडे धाड."

थोरल्या नणंदेने मालिश शिकवताना पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं. बावीस वर्षांत मालिशवालीने हा नेम एकाही गिऱ्हाइकापाशी मोडला नव्हता. आज दवाखान्यातल्या खाटेजवळ ती स्टुलावर बसायची, उठायची, पुन्हा बसायची, आणि कानातला नणंदेचा आवाज काही थांबत नव्हता.

खाटेवर तिचा मुलगा होता. सव्वीस वर्षांचा, दिवसभर कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढणारा. त्याचे दोन्ही पाय शेजारी मांडलेले. उजवी पोटरी नेहमीची, डावी लोडासारखी सुजलेली, लालसर. आंधळ्यालाही कळलं असतं.

घरी कळलं नव्हतं. दोन दिवस तो सोफ्यावर कुशीवर पडून, डोळे मोबाईलमध्ये, पांघरुणातून एकच पाय बाहेर काढायचा. "आई, गोळा आलाय गं पोटरीत. दे ना जरा दाबून." तिने दिली. चांगला अंगठा रुतवून, गोळा फुटेस्तोवर. घरच्या पायाला कसला आलाय नेम?

डॉक्टरीणबाई तपासणीचा कागद घेऊन आल्या. वयाने मुलाहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील.

"खोल शिरेत रक्ताची गुठळी आहे. इंजेक्शन दिलंय. पण ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, म्हणून विचारते त्याचं खरं सांगायचं. पायाला प्लास्टर, लांबचा प्रवास, घरात कुणाला असं झालेलं?"

"नाही," मुलगा म्हणाला.

"सिगारेट?"

"नाही."

"गांजा?"

तो छताकडे बघायला लागला. "छे!"

"मी पोलीस नाही हं. तरुण मुलांत गांजाचा आणि अशा गुठळ्यांचा संबंध असावा अशी शंका आहे. पक्कं अजून कुणी सांगत नाही. पण रक्त पातळ करायच्या काही गोळ्यांचा परिणाम त्याने कमीजास्त होऊ शकतो. मला माहीत असलेलं बरं."

"तसलं काही नाही, डॉक्टर."

मग त्या तिच्याकडे वळल्या. "मावशी, पोटरी कुणी चोळली-बिळली नाही ना?"

"नाही," मालिशवाली म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेला तेव्हा कुठे तिला तो ऐकू आला.

"बरं झालं. दम लागला, छातीत दुखलं, तर लगेच सांगायचं. मी कोपऱ्यावरच्या खोलीत आहे."

पडदा सरकला. माय-लेकांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"खोटं कशाला बोललास?" शेवटी ती म्हणाली.

"आणि तू?"

"माझं सोड. रोज ओढतोस?"

"रोज. तीन वर्षं झाली." तो कसनुसा हसला. "तू लोकांना तेल लावून झोपवतेस. मी धुरावर झोपतो."

"जळला मेला धूर! आणि मी वेडी, जॅकेट उन्हात टाकायचे, कुबट वास येतो म्हणून!"

"ओरडू नकोस गं. कागदावर चढलं तर विम्यावाटे ऑफिसात जाईल. नोकरी जाईल माझी."

"माझी राहील वाटतं? पोटच्या पोराची गुठळी चोळली हे कळल्यावर कोण पाय देईल माझ्या हातात?"

तो काहीतरी उलट बोलणार होता. त्याने श्वास घेतला, आणि तो अर्ध्यातच अडला. हात बरगडीवर गेला.

"काय रे?"

"काही नाही. श्वास घेतला की टोचतं इथे."

"केव्हापासून?"

"सकाळपासून. झोपेत अंग अवघडलं असेल."

मालिशवाली ताडकन उठली. त्याने तिचं मनगट धरलं. सहा वर्षांचा असताना ताप चढला की धरायचा, तसंच.

"आई, माझं नको ना सांगूस."

"तुझं नाही सांगत. बरगडीचं सांगते, आणि माझं सांगते. तुझं तुझ्या तोंडाने निघायला हवं."

"तू खरंच सांगशील? चोळल्याचं?"

"शब्द देते."

 मनगटावरची पकड सैल झाली.

"मग त्यांना इकडेच घेऊन ये," तो म्हणाला. "मीही सांगतो."

तिने त्याचं पांघरूण छातीपर्यंत ओढलं, पडदा आवाज न करता बाजूला केला आणि चालायला लागली. आधी सावकाश, मग भरभर.

कोपऱ्यावरच्या खोलीच्या दारात नर्सने हात आडवा केला. "मावशी, डॉक्टर कामात आहेत. काय हवंय तुम्हाला?"

"मला काही नकोय, बाई," मालिशवाली हळू आवाजात म्हणाली. "मघाशी एक 'नाही' बोलून बसलेय. ते परत घ्यायला आलेय."

आणि तिने नर्सच्या हाताखालून वाकून दार ढकललं.