ताट हातात

हौदवाल्यांनी ताट टेबलावर ठेवलंच नाही. ते डाव्या तळहातावर तोललं, कोपर बरगडीला टेकवलं आणि उजव्या हाताने जेवायला सुरुवात केली.

समोरून लेकीने डोळे वटारले. घंटा वाजवण्याआधी तिने त्यांना होणाऱ्या सासरच्या दारातच शपथ घातली होती. "बाबा, आज लाकडाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आत्याच्या झोपाळ्यावर बोललात, आत्याने येणंजाणं तोडलं. मामाच्या बाकावर बोललात, मामाने फोन घेणं सोडलं. माझं लग्न तरी राहू द्या." आईविना वाढवलेली एकुलती एक लेक. हौदवाल्यांनी मान डोलावली होती.

एकतीस वर्षं ते विजेच्या लाकडी खांबांच्या कारखान्यात होते. हिरव्या औषधाने भरलेल्या हौदात खांब मुरवायचे, हे त्यांचं काम. त्यावरूनच हे नाव पडलं होतं. त्या औषधात सोमल, म्हणजे आर्सेनिक, असायचा. मुरवलेल्या खांबाला वाळवी लागत नसे, बुरशी चढत नसे. खांब रस्त्याच्या कडेला उभा होता तोवर कोणाची काही तक्रार नव्हती.

पण हे खांब आता आडवे होऊन जेवणघरात आले होते.

"जुन्या खांबांचं केलंय, बरं का!" मुलाचे वडील म्हणाले. ते निवृत्त चित्रकला शिक्षक. सुतारकामाची भारी हौस. "स्वतःच्या हातांनी तासलंय. अकरा वर्षं झाली, वाळवी फिरकलेली नाही."

"फिरकायची नाही," हौदवाले म्हणाले आणि घास गिळला.

लाकडाला अजून हिरवट झाक होती. कडेला पत्र्याची गोल चकती होती, घासूनपुसून चकचकीत ठेवलेली. तिच्यावरचा आकडा हौदवाल्यांनी चष्मा न लावताही ओळखला. त्यांचाच कारखाना, त्यांचीच पाळी.

मुलाची आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग ती मुलाच्या कानाशी लागली. "त्यांच्याकडे ताट खाली ठेवत नसतील. उचल तूही. उगाच अपमान नको." मुलाने ताट उचललं. आईने उचललं. मुलाच्या बहिणीने उचललं. आपणच एकटे उरलो हे बघून यजमानांनीही उचललं. शेवटी लेकीचाही नाइलाज झाला.

आठ जणांच्या त्या टेबलाभोवती सहा माणसं ताटं हातात धरून बसली. टेबलावर पाण्याचा तांब्या तेवढा उरला. यजमानांच्या विजारीवर रस्सा सांडला, पण ते हूं की चूं म्हणाले नाहीत. "छान पद्धत आहे," ते म्हणाले. "पोट टेबलाला लागत नाही."

तेवढ्यात मुलाची भाची रांगत आली. वर्षाची पोर, नुकते चार दात फुटलेले. टेबलाच्या कडेला धरून ती उभी राहिली आणि ती कड तोंडात घेऊन चावू लागली.

हौदवाल्यांचा घास हातातच थांबला. "ती... चावतेय."

"चावू दे हो. दात शिवशिवतात तिचे," पोरीची आई म्हणाली. "रोजचंच आहे."

रोजचंच, हा शब्द त्यांना सोसवला नाही. त्यांनी आपलं ताट यजमानांच्या दुसऱ्या हातात कोंबलं आणि पोरीला उचललं. ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं. हात पुसले. पोरीने घर डोक्यावर घेतलं.

"सोमल आहे यात! विष!"

लेकीने तोंड ओढणीत लपवलं.

दोन हातांत दोन ताटं घेऊन यजमान उभे राहिले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "माझ्या टेबलात मी विष घातलंय म्हणता?"

"तुम्ही नाही," हौदवाले म्हणाले. "मी घातलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते विष लाकडातून हळूहळू बाहेर येतं. हाताला लागतं. पोरं हात चाटतात, कडा चावतात, आणि रोज थोडं थोडं पोटात जातं. तासताना उडणारा भुसा तर थेट छातीत.

"हे तासत होते तेव्हा चार महिने खोकत होते," मुलाची आई हळूच म्हणाली.

यजमानांनी ताटं खुर्चीवर ठेवली. सवयीने टेबलावरून तळहात फिरवला. मग तो झटकन मागे घेतला आणि सदऱ्याला पुसला. "जाळून टाकू?" त्यांनी विचारलं.

"मुळीच नाही! धूर आणि राख त्याहून वाईट. झाकून परसात ठेवा आणि घातक कचरा नेणाऱ्यांना बोलवा. पोरीला उद्याच डॉक्टरांकडे न्या. तपासणीत कळतं."

लेक पर्स शोधू लागली. उठून निघायचं, एवढंच आता उरलं होतं.

यजमानांनी बाह्या वर सरकवल्या, हातांना फडकी गुंडाळली आणि टेबलाचं एक टोक धरलं.

"बघत काय राहिलात? दुसरी बाजू धरा."

दोघं म्हातारे धापा टाकत, आडवेतिडवे होत टेबल दारापर्यंत घेऊन गेले. उंबऱ्याशी यजमान थांबले.

"जपून हं, व्याही."

लेकीने ओढणी खाली घेतली. हौदवाल्यांनी टेबल आणखी घट्ट धरलं.

"आणि सगळा जोर इथेच संपवू नका," यजमान म्हणाले. "वरच्या खोलीत या दोघांसाठी याच खांबांचा केलेला पलंग याच्या दुप्पट जड आहे."