हाताचा गुण

दोघी जावा नर्स होत्या, शेजारशेजारच्या दोन आरोग्य केंद्रांत. पाहणीला आलेले साहेब प्रत्येक केंद्राच्या खर्चाला तिथल्या रुग्णसंख्येने भागणार होते, आणि ज्या केंद्रात दर रुग्णामागे खर्च जास्त, ते बंद होणार होतं. धाकटीकडे रोज नव्वद माणसं यायची, थोरलीकडे जेमतेम तीस.

"धाकटीच्या हाताला गुणच आहे," सासूबाई जेवताना म्हणायच्या आणि थोरली अर्ध्या ताटावरून उठायची.

शेवटी एक दिवस रजा टाकून ती धाकटीच्या केंद्रावर गेली. रांग पार फाटकापर्यंत आली होती.

"काय होतंय आजोबा?" तिने शेवटच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"खोकला. गोळ्या पाच दिवसांच्या आहेत, पण सिस्टर रोज एकाच दिवसाच्या देतात. आज माझी चौथी फेरी."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. उद्याच साहेबांच्या कानावर घालायचं, असं ठरवून ती घरी आली.

&nbsp;

दुसऱ्या दिवशी आपल्या केंद्रावर, टेकडीपलीकडून चालत आलेल्या आजींच्या हातावर तिने एका दिवसाच्या गोळ्या ठेवल्या आणि म्हणाली, "बाकीच्या न्यायला उद्या या हं."