पिवळा दगड, काळी रेघ

तांब्याच्या खाणीतून निवृत्त झालेले आजोबा नातीला सोन्यासारखा चमकणारा दगड दाखवत होते. "चकाकीला भुलायचं नाही, राणी. फरशीच्या खडबडीत पाठीवर घासायचं. रेघ पिवळी आली तर सोनं. ही बघ, हिरवट काळी आली, म्हणजे यात तांबं. आमच्या खाणीत बहुतेक हाच दगड निघायचा आणि भल्याभल्यांना फसवायचा."

नातीला घासायचा नादच लागला. थोड्या वेळाने ती फरशी नाचवत आली. "आजोबा, तुमचं सुवर्णपदक नापास! रेघ लालसर आली."

आजोबांचा चेहरा पडला. तीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली म्हणून कंपनीने दिलेलं ते पदक ते येणाऱ्याजाणाऱ्याला हौसेने दाखवत. त्यांनी हळूच स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आजीला यातलं अक्षरही सांगायचं नाही हं. तिला फार अभिमान आहे गं त्याचा."

 

"अगं, नवी जागा कशाला खरवडलीस?" आतून आजी म्हणाली. "ते घरी आलं त्याच दिवशी मी मागच्या बाजूने घासून बघितलंय."