कॅमेऱ्याची चाळिशी

टब काठोकाठ भरला होता आणि सूनबाई त्यात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. हातात तिचा कॅमेरा, पाण्यात न्यायच्या जाड पेटीत बंद केलेला. पेटीच्या तोंडाला अर्धगोल काच होती. मागच्या पडद्यावर सगळं धुकं दिसत होतं.

सासरे बाथरूमच्या दारावरून पुढे चालले होते, ते थांबले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. ते बंद केल्यापासून दिवसभर घरातच असायचे.

“बिघडलाय का?”

“कॅमेरा ठीक आहे, बाबा. ही लेन्स आणि ही गोल काच, या दोघींचं सूत जुळत नाहीये.”

तिची नेहमीची लेन्स दुरुस्तीला गेली होती. ही जुनी लेन्स मैत्रिणीकडून मागून आणलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बुडी मारायला नेणारी बोट निघणार होती. किनाऱ्यापासून थोडं आत, मोठी जहाजं ओढणारी एक टगबोट कधीची बुडाली होती आणि आता तिच्यावर वाळू चढत चालली होती. पुढच्या हंगामात ती दिसेलच याची कुणाला खात्री नव्हती. तिचे फोटो काढायचं काम सुनेवर होतं.

एरवी या विषयावर दोघांचं बोलणं होत नसे. ती समुद्रावर निघाली की सासूबाई “सांभाळून” म्हणत आणि सासरे वर्तमानपत्रात डोकं घालत. आज ते टबाच्या काठावर टेकले.

“बाहेर स्पष्ट दिसतं?”

“लख्ख. पाण्यात गेलं की संपलं. या गोल काचेमुळे लांबची वस्तूसुद्धा लेन्सला दीड वितीवर आल्यासारखी वाटते. आणि हिला तेवढं जवळचं दिसत नाही.”

“मग सपाट काच लाव.”

“लावून पाहिली. निम्मी टगबोट चौकटीबाहेर जाईल, आणि कडांना रंग फुटतात. इतक्या रुंद लेन्सला गोलच लागते.”

सासरे हसले. “म्हणजे तिला चाळिशी लागलीय.”

“हो ना. तिच्यासाठी चष्माही मिळतो, पण या मापाचा कुठल्याच दुकानात नाही. मागवला तर यायच्या आत बोट जाऊन परत येईल.”

ते उठून आत गेले. कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला. परतले ते नंबर तपासायच्या काचांचा डबा घेऊन. काखेत दुकानातला अक्षरांचा तक्ता होता, प्लास्टिकमध्ये मढवलेला.

बाह्या वर सारून त्यांनी टबाच्या दुसऱ्या टोकाला तक्ता पाण्यात उभा धरला. तिने एक काच लेन्सवर मधोमध चिकटवली, पेटीची रबरी कडी पुसली, झाकण आवळलं आणि कॅमेरा बुडवला.

“कितवी ओळ वाचता येते?”

“दुसरी. तिसरीत ‘ट’ आहे की ‘ढ’, कळत नाही.”

“काढ. आता ही लाव.”

दर वेळी पेटी वर काढायची, कोरडी करायची, उघडायची, पुन्हा आवळायची. घाई करून चालत नव्हतं. दोघांनीही केली नाही.

“आता बरं, की आधीचं?”

“आताचं.”

“आणि ही?”

“नको. आधीचीच बरी होती.”

सासूबाई खांद्यावर टॉवेल टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. “कॅमेऱ्याची अंघोळ झाली असेल तर मी करू का?”

“पेशंट अर्ध्यावर सोडता येत नाही,” सासरे तक्ता न हलवता म्हणाले.

नंबर निघाला अधिक तीन. त्या नंबरच्या दोन न कापलेल्या काचा त्यांच्याकडे शिल्लक होत्या. सुनेकडे लेन्सवर बसवायचा एक फिल्टर होता, त्याची काच तडकलेली. ती काढून तिने नुसती कडी त्यांच्या हातात दिली. दुकानातलं घासायचं चाक गॅलरीत होतं. त्यांनी ते पुसलं, सुरू केलं आणि काचेची कड त्यावर टेकवली. सून चमच्याने पाणी सोडत राहिली.

पहिल्या काचेचा टवका उडाला. सासऱ्यांनी हात झटकले, खुर्ची थोडी पुढे घेतली आणि दुसरी काच उचलली. ती घासायला त्यांनी दुप्पट वेळ घेतला. मधूनमधून ते ती कडीवर ठेवून बघत आणि मान हलवत. शेवटी अंगठ्याने हलकेच दाबली तशी ती आत बसली.

टबात पुन्हा तक्ता उभा राहिला.

“शेवटची ओळ?”

तिने ती घडाघडा वाचली. मग म्हणाली, “त्याच्याही खाली छापखान्याचं नाव आहे. ते वाचू?”

“राहू दे,” सासरे म्हणाले. बाह्यांवरून पाणी ठिबकत होतं, तरी तक्ता त्यांनी जरा वेळ तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली ती केस ओलेच घेऊन. जेवणाच्या टेबलावर तिने लॅपटॉप उघडला. टगबोट एका कुशीवर कलंडून पडली होती. तिच्या पत्र्याचा खिळान्‌खिळा मोजता आला असता. केबिनच्या खिडकीतून माशांचा एक थवा बाहेर पडत होता.

“अगंबाई,” सासूबाई हळूच म्हणाल्या, “घर करून राहिलेत की.”

सासऱ्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि बराच वेळ फोटो पाहिला.

“मधलं चांगलं आलंय,” ते म्हणाले. “कोपरे पुसट झालेत.”

“कोपऱ्यांत काही नाहीच, बाबा. नुसतं पाणी आहे.”

“मला पाणीच बघायचं होतं. तू जातेस ते.”

ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि तिने आणखी एक फोटो उघडला. वर येताना सहज काढलेला, कुणालाच दाखवायचा नसलेला. त्यात बोट नव्हती, मासा नव्हता. सगळीकडे निळं पाणी, आणि अगदी वर, घरातल्या दिव्याएवढा सूर्य.